जुन्या घराच्या चौकटीवर मातीची रेघ: वाळवीच का, आणि आधी काय करायचं?

पेठेतलं_घर
मंगळवार पेठेतलं जुनं घर, तळमजला, काळ्या दगडाचं जोतं, भिंती मातीत बांधलेल्या. स्वयंपाकघराच्या सागवानी चौकटीवर जमिनीपासून वीतभर उंच मातीची रेघ आली आहे. परवाच्या वळवानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमले होते, सकाळी खिडकीत पंखांचा सडा होता. सुतार म्हणतो चौकट बदला, औषधवाला म्हणतो फवारणी करा. आधी काय? परसात आड आहे, त्याचं पाणी वापरात आहे.

वारूळ
रेघ पुसू नका. मधला दोन बोटं तुकडा फोडा आणि आत बघा. पांढुरके, मऊ किडे पळताना दिसले तर वाळवीच. कुणी दिसलं नाही तर तीन-चार दिवसांनी पुन्हा बघा, तुकडा ओल्या मातीनं बुजवलेला असला की वाळवी चालू आहे. बुजवला नाही म्हणजे गेली, असं मात्र नाही. वाट बदलून ती शेजारच्या फटीतून वर जाते.

पंखवाले मुंग्याही असू शकतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या. आणि महत्त्वाचं: ते बाहेरून दिव्याकडे आले असतील तर घरात वाळवी आहे असं ठरत नाही, वळवानंतर गावभर उडतातच. भिंतीच्या किंवा फरशीच्या फटीतून बाहेर पडताना दिसले, तर मामला घरातला.

चौकटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं खालपासून वर ठोकत जा. पोकळ आवाज येतो तिथे टोक दाबून बघा. माती न दिसता बारीक गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी असेल तर ती वाळवी नव्हे, लाकूड पोखरणारा भुंगा. त्याला जमिनीत औषध ओतून उपयोग नाही.

जुनं_ते_सोनं
रॉकेल ओता की, एवढा खर्च कशाला.

फवारा
रॉकेल लागेल तेवढीच मरते, वसाहत जमिनीत शाबूत राहते. शिवाय स्वयंपाकघर आहे, गॅसजवळ रॉकेल मुरलेलं लाकूड नको. वरवरच्या फवारणीचंही तेच. रेघ जाते, मालक खूश, पुढच्या पावसाळ्यात रेघ दुसऱ्या खोलीत.

औषध जमिनीत गेलं पाहिजे. भिंत आणि फरशी मिळते त्या रेषेत 12 मिलिमीटरची भोकं, दर 30 सेंटिमीटरला एक, प्रत्येक भोकात 1 लिटर द्रावण. भारतीय मानक 6313 च्या तिसऱ्या भागात बांधून झालेल्या घरांसाठी हीच पद्धत दिली आहे. वाळवीचं औषध इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के एससी (पाण्यात मिसळायचं दाट द्रव औषध) असेल तर लिटरला 2.1 मिली. म्हणजे 3 मीटर भिंतीला 11 भोकं, 11 लिटर पाणी, साधारण 23 मिली औषध. कृषी सेवा केंद्रात 17.8 टक्क्यांचं मिळतं, ते पिकांसाठीचं. हे माप त्याला लावू नका.

चुकतं कुठं? ड्रिल फरशीखालच्या थरातच थांबतो, मातीपर्यंत पोचत नाही, मग औषध फरशीखाली पसरून वाया. दगडी जोत्यात उलटं होतं: पोकळीतून सगळं भलतीकडे वाहतं. म्हणून लिटर एकदम ओतायचं नाही. पाव-पाव लिटर, मुरू देत. भोक पाडण्याआधी नळ आणि वायरची जागा बघून घ्या. शेवटी पांढऱ्या सिमेंटनं भोकं बुजवा.

आडाकडच्या भिंतीला बाहेरून जमिनीत काहीच ओतू नका. तिथं फक्त लाकडात.

रंधा
लाकडाचं सांगतो. चौकट लगेच बदलू नका, जमिनीत उपचार झाला नाही तर नवीही खाईल. सागाचा गाभा वाळवी सहसा टाळते, कडेचा पांढुरका भाग आधी खाते, त्यामुळं आत बरंच लाकूड धड निघतं. खाल्लेल्या भागात 6 मिलिमीटरची तिरकी, खाली उतरती भोकं पाडा, साधारण 15 सेंटिमीटरवर एक, आणि लाकडासाठीचं तेलात मिसळलेलं वाळवीचं औषध पिचकारीनं पुन्हा पुन्हा भरा. लाकूड प्यायचं थांबेपर्यंत. ऑइल पेंट त्यानंतर. आधी रंगवलं तर औषध आत जात नाही आणि वाळवीही दिसत नाही.

जुन्या चौकटीचे पाय फरशीखाली मातीत गाडलेले असतात, मूळ दुखणं तिथंच. कुजलेला पाय कापून खाली काँक्रीटचा किंवा दगडाचा ठोकळा द्या.

पेठेतलं_घर
आभारी. चौकटीमागं बाहेरून जळणाची रास आहे आणि मोरीची भिंत कायम ओली. संबंध असेल का?

वारूळ
आहेच. जळण भिंतीपासून हातभर लांब, विटांवर रचा. मोरीची गळती औषधाच्या आधी काढा, ओल राहिली तर वाळवी तिथंच घुटमळते. आणि गणपतीच्या सुमारास, भिंती ओल्या असताना, माळ्यावरची कपाटं पुढं ओढून मागची बाजू बघा.