पॅनेलसमोरची मॅट: नैसर्गिक रबराला आता रजा द्यायची का?

मकरपुरावाला:
२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी बडोद्यात शिरली, तेव्हा आमच्या पॅनेल रूममध्येही पाणी आलं. शॉक लागू नये म्हणून पॅनेलसमोर अंथरतात त्या रबरी मॅट धुतल्या, उन्हात टाकल्या, परत अंथरल्या. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. माझं स्पष्ट मत: विजेच्या कामातून नैसर्गिक रबर काढून टाका. झाडाच्या चिकातून येणाऱ्या रबरात पाच-सहा टक्के ऐवज रबर नसतोच; प्रथिनं, फॉस्फोलिपिड, क्षार असतात. ते पाणी धरून ठेवतात आणि पाण्यात आयन मोकळे झाले की गळती प्रवाहाला, म्हणजे रबरातून झिरपणाऱ्या विजेला, वाट मिळते. शिवाय रबराच्या लांब रेणूच्या साखळीतल्या दुहेरी बंधांवर ओझोन तुटून पडतो. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत ते बंध नाहीत. केबलवाले बहुतांशी तिकडे किंवा प्लास्टिककडे वळलेच, आपण कशाला अडून बसायचं?

पॉलिमरताई:
दोष मिश्रणाचा आणि शिक्षा रबराला! रबराचा रेणू म्हणजे सिस-पॉलिआयसोप्रीन, नुसता कार्बन आणि हायड्रोजन. ध्रुवता, म्हणजे विद्युतभाराची असमान वाटणी, नावापुरती. स्वच्छ, कोरड्या रबराची रोधकता दहाच्या तेराव्या घाताइतके ओहम-मीटर किंवा त्याहून जास्त भरते.

आता हालचालीचं बघा. साधारण उणे ७० अंशांखाली साखळ्या गोठतात. त्याच्या वर साखळीचे लहान लहान तुकडे वळवळत असतात, आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात तर इतक्या झपाट्याने की आपल्या विजेचं ५० हर्ट्झचं विद्युत क्षेत्र त्यांच्यासाठी गोगलगायीची चाल. दिशा बदलायला त्यांना वेळ पुरून उरतो, म्हणून त्यांच्यामुळे होणारा ऊर्जेचा ऱ्हास या वारंवारतेला किरकोळ असतो.

सिस-पॉलिआयसोप्रीनची खरी गंमत पुढे आहे. त्याच्या ध्रुवतेचा एक भाग साखळीच्या लांबीच्या दिशेने असतो. त्यामुळे तुकड्यांची वळवळ वेगळी आणि अख्ख्या साखळीचं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळणं वेगळं, अशा दोन्ही हालचाली डायइलेक्ट्रिक मोजणीत (बदलत्या विद्युत क्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो ते मोजताना) दिसतात. पॉलिब्युटाडाइन या दुसऱ्या रबरात ही दुसरी दिसत नाही. गंधक घालून व्हल्कनाइझ केलं की साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि अख्खी साखळी मोकळेपणी वळू शकत नाही. तुकडे हलतात, पण गंधक वाढवत गेलं तर तेही मंदावतात आणि ध्रुवताही वाढते. म्हणजे रबर तेच, गंधक किती, भरण (काजळीसारखी मिसळलेली भुकटी) काय, यावर सगळं फिरतं. सरसकट 'रबर वाईट' म्हणण्यात अर्थ नाही.

जुना फोरमन:
ताई, वायरमन रेणूवर उभा राहत नाही, मॅटवर उभा राहतो. एका पुरवठादाराने आमच्याकडे दोन काळ्या मॅट पाठवल्या होत्या. जाडी तीच, वासही तोच. मेगर (रोध मोजायचं यंत्र) लावला तर एकीवर काटा अनंताला, दुसरीवर शून्याकडे लोळण. दुसरी अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज वाहून नेणारी निघाली, कार्बन ब्लॅक (काजळी) ठासून भरलेली. बिलावर दोन्हीकडे 'रबर मॅट काळी' एवढंच. भांडायचं तर त्या बिलाशी भांडा.

पॉलिमरताई:
काका, अगदी नेमकं. काजळीचे कण विखुरलेले असतील तोवर रोध टिकतो. प्रमाण एका मर्यादेपुढे गेलं की कण एकमेकांना भिडतात, सलग वाट तयार होते आणि रोध एकदम कित्येक पटींनी कोसळतो. ईपीडीएममध्ये ठासून भरा, तिथेही तेच होणार.

दांडियाबाजारकर:
मकरपुरावाले, हातमोज्यांचं काय करणार? लाइनवरच्या माणसाचे मोजे अजून बहुधा नैसर्गिक रबराचेच. ताणलं की त्याच्या साखळ्या एका दिशेत येऊन स्फटिक बनतात, म्हणून ते सहजी फाटत नाही. ईपीडीएममध्ये ही ताकद सहसा मिळत नाही. क्लास ० चा मोजा १,००० व्होल्टच्या कामासाठी, पण त्याची चाचणी ५,००० व्होल्टला होते. एवढ्या पातळ थरातून! बोटं वळली पाहिजेत, नट पकडता आला पाहिजे. तुमची ईपीडीएम मॅट हाताला गुंडाळून कोणी खांबावर चढणार नाही.

मकरपुरावाला:
मोज्याची मजा अशी की त्यावर नजर असते. घालण्याआधी हवा भरून छिद्र बघतात, वरून चामड्याचा मोजा चढवतात, ठरावीक मुदतीत परत चाचणी होते. मॅटला कोण विचारतो? एकदा अंथरली की वर्षानुवर्षं तिथेच. तेल सांडतं, ट्रॉली फिरते, कडेला चिरा पडतात. ज्या मालाला सतत राखण लागते, तो राखण नसलेल्या जागी का टाकायचा? मॅटचं भारतीय मानक आयएस १५६५२ सुद्धा इलॅस्टोमर (रबरासारखा लवचिक पदार्थ) म्हणतं, झाडाचं रबरच वापरा असं म्हणत नाही.

पॉलिमरताई:
झाडाचं वापरू नका असंही म्हणत नाही. ठरलेल्या व्होल्टेजला टिकतं का ते बघतं. आणि पुराच्या पाण्याचं म्हणाल तर आधी पृष्ठभाग तपासा. गाळातले क्षार वर बसले की गळती वरूनच होते, तिथे ईपीडीएमलाही सूट नाही. आत मुरलेल्या पाण्याचा प्रश्न मात्र नैसर्गिक रबरात जास्त, हे खरं. जाड मॅटमधून ते फार सावकाश बाहेर पडतं, वरून हात लावून काही कळत नाही. वजन करा. आठवड्याच्या अंतराने वजन घटतंय म्हणजे पाणी अजून आत आहे.

जुना फोरमन:
डिस्पॅचचा काटा चालेल का?

पॉलिमरताई:
नाही, ग्रॅमच्या आतला फरक दिसला पाहिजे. कोपऱ्याचा तुकडा कापा आणि प्रयोगशाळेच्या तराजूवर ठेवा. कापलेली मॅट पॅनेलसमोर परत घालू नका म्हणजे झालं.

मकरपुरावाला:
घालणार नाहीच. नव्या मॅटच्या ऑर्डरवर मी ईपीडीएम लिहिलंय.

जुना फोरमन:
व्होल्टेजचा क्लास लिहिलात का?