ब्यूर्गरगेल्डवर ओरडण्याआधी पगाराची स्लिप वाचा

नेकारकाठचा
ब्यूर्गरगेल्डवर, म्हणजे जर्मनीत बेकारांना आणि कमी कमावणाऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी निर्वाहभत्त्यावर, परवा इथे लेख आला: 'आम्ही राबायचं आणि जर्मन आळशांनी 563 युरो घेऊन सोफ्यावर लोळायचं.' खाली वाहव्वा करणाऱ्यांची रांग. गप्प बसणार होतो, पण 'आपला कर, त्यांची चैन' हे वाक्य डोक्यात गेलं.

563 हा एकट्या माणसाचा महिन्याचा दर, 2024 ते 2026 तेवढाच. भाडं आणि हीटिंग वेगळं मिळतं, कबूल. पण घेणारे कोण? साधारण 55 लाख. त्यातली जवळपास 15 लाख तर लहान मुलं. आणखी आठेक लाख नोकरी करतात, पण पगार पुरत नाही म्हणून वरची भर घेतात. एवढे वजा करा, मग सोफा शोधा.

तुमच्या स्लिपवर पेन्शनचे 18.6 टक्के आहेत (निम्मे कंपनीचे), आरोग्यविमा आहे, बेकारी विमा आहे. ब्यूर्गरगेल्ड यातल्या एकाही रकान्यातून जात नाही, ते करातून जातं. त्याच करातून पेन्शन फंडाला वर्षाला 100 अब्जांहून जास्त जातात, ब्यूर्गरगेल्डच्या दुपटीहून अधिक. पण पेन्शनवर ओरडायची हिंमत कुणात नाही, मतं तिथेच आहेत. 2009 मध्ये घटनेत केंद्राच्या नव्या कर्जाला जीडीपीच्या 0.35 टक्क्यांची वेसण घातली आणि पूल गंजत ठेवले. राहमेडेचा पूल 2021 च्या डिसेंबरात बंद केला, 2023 मध्ये सुरुंग लावून पाडला. ड्रेस्डेनच्या कारोला पुलाचा एक भाग 2024 मध्ये भल्या पहाटे आपणहून नदीत गेला. चिडायचंच तर त्यावर चिडा.

आडवातिडवा
तो लेख माझा. लहान मुलं पुढे करून गहिवर आणू नका. साधा प्रश्न आहे: जास्त काम केलं तर हातात काय उरतं? पहिले 100 युरो सोडा. पुढे 520 पर्यंत शंभरातले 20 तुमचे, 1000 पर्यंत 30, त्यावर 1200 पर्यंत (मूल असेल तर 1500) 10. बाकी जॉबसेंटर, म्हणजे भत्ता देणारी कचेरी, कापून घेतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मिनीजॉब (थोड्या तासांची छोटी नोकरी) धरून बसलो असतो! चान्सलर श्रोडरने 2005 मध्ये हार्ट्झ-4 (ब्यूर्गरगेल्डच्या आधीचं, कडक अटींचं रूप) आणलं तेव्हा बेकार 50 लाखांवर गेले होते. 2019 पर्यंत निम्म्याहून कमी झाले. चाप लावला म्हणून झाले.

खवचट खारी
चाप लावला म्हणून? युनियननी नव्वदीपासून पगारवाढ रोखून धरली, निर्यात फुगली, 2009 च्या मंदीत कुर्त्सआर्बाइटने, म्हणजे तास कमी करून बुडालेल्या पगाराचा भाग भरून देणाऱ्या योजनेने, लोक कामावर टिकले (तोही जनतेचाच पैसा), ते सगळं गेलं कुठे? 2015 मध्ये तासाला 8.50 युरोचं किमान वेतन आलं तेव्हाही लाखो नोकऱ्या बुडणार म्हणून गळे काढले होते. बुडल्या का? 2026 मध्ये ते 13.90 झालं.

बव्हेरियातली वहिनी
हार्ट्झपुराण झालं असेल तर मी बोलू? पुण्यात मी पूर्णवेळ टेस्टिंग करायचे. इथे किटाची (पाळणाघर-बालवाडीची) जागा मिळाली तीच मुळात उशिरा, आणि दुपारी दोनपर्यंतची. म्हणून अर्धवेळ काम धरलं, तर नवरा श्टॉयरक्लासे (करवर्ग) 3, म्हणजे कपात कमी, आणि मी 5, म्हणजे कपात जास्त. पहिला पगार बघून वाटलं, पेरोलवाल्यांनी काहीतरी घोळ केलाय. या देशात नोकरी करणाऱ्या जवळपास निम्म्या बायका अर्धवेळ आहेत. त्यांना आळशी म्हणणारा लेख कुणी लिहीत नाही, कारण नवऱ्याचा कर वाचतो. नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरून कर लावायची ही सोय 1958 पासून चालू आहे.

आडवातिडवा
वहिनी, क्लास म्हणजे फक्त आगाऊ कपात. रिटर्न भरला की हिशोब सरळ होतो.

बव्हेरियातली वहिनी
हे ज्ञान मला प्रत्येक गणपतीत एक तरी भाऊजी देतात. माझी नोकरी गेली तेव्हा बेकारी भत्ता नेट्टोवर (कपात जाऊन हातात येणाऱ्या पगारावर) ठरला, मूल असल्यामुळे 67 टक्के. पण नेट्टो कुठला? क्लास 5 चा! रिटर्न भरून तो भत्ता वाढत नाही, भाऊजी. एल्टर्नगेल्डचंही (मूल झाल्यावर आईबापांना मिळणाऱ्या भत्त्याचंही) तेच.

हेसनचा पाव्हणा
वहिनींना अनुमोदन. आमच्याकडे 4/4 (दोघांचा वर्ग 4, सारखी कपात) केलं तर महिन्याला घरात कमी येतात म्हणून मीच टाळत होतो. बायको म्हणाली, 'घरात म्हणजे तुझ्या खात्यात ना?' यावर बोलायला काही उरलं नाही.

आडवातिडवा
विषय ब्यूर्गरगेल्ड होता! इथे सगळ्यांनी आपापल्या संसाराचा पाढा वाचायला घेतलाय. धागाकर्ते, आवरा.

नेकारकाठचा
आवरू कशाला? हाच तर विषय आहे. शंभरातले 20 हातात राहिले तर माणूस काम वाढवत नाही, हे तुम्हाला जॉबसेंटरच्या दारात कळतं. वहिनींच्या बाबतीत मात्र 'रिटर्न भरा'. कपातीचे आकडे तुमचे बरोबर आहेत, ते मान्य. लेखात सोफ्याऐवजी हेच लिहिलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

आडवातिडवा
तुमच्या टाळ्यांवाचून माझं काही अडलेलं नाही. आणि पुलांसाठी 2025 मध्ये 500 अब्जांचा फंड काढलाच की, संरक्षणखर्चही जीडीपीच्या 1 टक्क्यावरचा कर्जाच्या वेसणीबाहेर. व्याज कोण फेडणार? आपलीच पोरं.

खवचट खारी
वा! पोरांना पूल नको, व्याज नको, आणि किटा तर नकोच नको. स्वस्तात वाढतील.

बव्हेरियातली वहिनी
भांडणात ब्रेक घेऊन कुणी सांगेल का, 3/5 चं 4/4 करायला नवऱ्याची सही लागते?

आडवातिडवा
नाही. 2018 पासून एकाचा अर्ज पुरतो, एल्स्टरवर (कराच्या सरकारी पोर्टलवर) होतो. आमच्या घरी मला नंतर कळलं. आता मूळ मुद्द्यावर याल का?