मदत हवी आहे: सी भाषेत कंडिशन व्हेरिएबल (थ्रेडला झोपवून नंतर उठवायची सोय) वापरल्यावर सगळे थ्रेड (प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी कामं) झोपूनच राहतात
मंडळी, दोन दिवस अडकलोय, कुणीतरी बघा प्लीज. पीथ्रेड (सी मधली थ्रेडची लायब्ररी) वापरून प्रोड्युसर-कंझ्युमर लिहिलंय, म्हणजे प्रोड्युसर थ्रेड क्यूमध्ये (रांगेत) माल टाकतात आणि कंझ्युमर थ्रेड काढतात; २ प्रोड्युसर, ३ कंझ्युमर, आणि टेस्टिंगसाठी क्यू मुद्दाम एकाच जागेची ठेवलीये. म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) एक, कंडिशन व्हेरिएबल पण एकच, म्हणजे "रिकामी आहे" आणि "भरलीये" दोन्हीसाठी तेच. आधी वेटच्या (थ्रेडला झोपवणारा कॉल) वर इफ होतं, त्यामुळे रिकाम्या क्यूमधून पण उचललं जायचं, कारण वेट उगाचच परत येऊ शकतो आणि मधेच दुसरा थ्रेड माल घेऊन जातो, इफच्या जागी व्हाइल टाकून उठल्यावर अट परत तपासल्यावर ते थांबलं. पण आता प्रोग्राम मधेच गप्प होतो. जीडीबी (डीबगर) लावून बघितलं तर पाचही थ्रेड कॉन्ड वेटमध्ये (म्हणजे त्याच वेटमध्ये झोपलेले) आणि काउंट (क्यूमधला माल) ०!

मला वाटतं कंझ्युमरने माल काढून दिलेला सिग्नल (झोपलेल्या एका थ्रेडला उठवणारा कॉल) प्रोड्युसरऐवजी दुसऱ्या कंझ्युमरलाच मिळतो, तो क्यू रिकामी बघून परत झोपतो आणि प्रोड्युसरला कुणी उठवतच नाही. सिग्नलच्या जागी ब्रॉडकास्ट टाकलं की चालतंय, पण दर वेळी सगळ्यांना उठवायचं मनाला पटत नाही.

मग दोन वेगळी कंडिशन व्हेरिएबल घेऊन सिग्नलच ठेवला तर पुरेल ना? आणि सिग्नल म्युटेक्स अनलॉक करायच्या आधी द्यायचा की नंतर, तुम्ही लोक काय करता?