चित्रं काढून मीटिंग घेतलीय का कुणी?

प्रश्न: कोल्हापूरजवळच्या चिखलीत बचत गटाची पुराच्या तयारीची मीटिंग घ्यायचीय, निम्म्या बायकांना वाचता येत नाही आणि मला चित्र जमत नाही, काय करू?

करवीरकर: गोल डोकं, काडीचे हातपाय, बास. लई सुबक काढलं की बाकीच्या खडू हातात घ्यायला लाजतात.

आंबेवाडीची ताई: आम्ही देवळापुढं रांगोळीनं गाव काढलेलं, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट (इशारा पातळी) झालं की पाणी कुठवर येतं तिथं पिवळी रेघ, 43 ला (धोका पातळी) लाल, मग एक आजी उठल्या आणि 2019 चं पाणी कुठवर आलेलं ते चिमटीनं रेघ ओढून दाखवलं, त्यानंतर सगळ्याच बोलायला लागल्या.

प्रश्न विचारणारी: मग जनावरं कुठं न्यायची तेपण त्यांनाच काढायला लावते!

करवीरकर: व्हय, आणि पुसायच्या आधी फोटो काढा.