निकालानंतरचे पक्षप्रवेश : मत चिन्हाला दिले होते की माणसाला?

मूळ मांडणी

महाराष्ट्राने २०२४ या एकाच वर्षात वारा दोनदा फिरलेला पाहिला. जूनमध्ये लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने जिंकल्या आणि विधानसभेच्या तोंडावर हर्षवर्धन पाटील, समरजितसिंह घाटगे यांच्यासारखे नेते भाजप सोडून शरद पवार यांच्या पक्षात गेले. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला तेव्हा भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या; समोरच्या बाजूला ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६ आणि शरद पवार यांचा पक्ष १० जागांवर थांबला. मग ओघ उलटा वाहू लागला. मार्च २०२५ मध्ये रवींद्र धंगेकर शिंदे यांच्या शिवसेनेत गेले, एप्रिलमध्ये संग्राम थोपटे भाजपमध्ये गेले.

ही नावे मी दोष देण्यासाठी घेतलेली नाहीत. पक्ष सोडला तेव्हा धंगेकर आणि थोपटे यांच्याकडे आमदारकी नव्हती. निवडणूक हरलेल्या माणसाने कोणत्या पक्षात जावे हा त्याचा प्रश्न आहे. माझा आक्षेप वेगळ्या लोकांवर आहे. एका चिन्हावर निवडून यायचे, त्या चिन्हाविरुद्ध उभ्या असलेल्या पक्षात जायचे, आणि जागा मात्र स्वतःकडेच ठेवायची, याला माझा विरोध आहे.

गोव्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. त्याचा धसका घेऊन २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेले आणि पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. देवासमोरची शपथ सात-आठ महिने टिकली आणि कायद्यानेही त्यांना अडवले नाही, कारण राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाच्या, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याच्या, चौथ्या परिच्छेदानुसार विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य राजी असतील तर ते विलीनीकरण मानले जाते. एकटा आमदार गेला तर अपात्र, आठ जण मिळून गेले तर पात्र!

याउलट उदयनराजे भोसले यांनी २०१९ मध्ये राष्ट्रवादी सोडताना चार महिन्यांपूर्वी मिळवलेल्या खासदारकीचा राजीनामा दिला. ऑक्टोबरमधल्या पोटनिवडणुकीत साताऱ्याने श्रीनिवास पाटील यांना सुमारे ८७ हजारांच्या मताधिक्याने निवडून दिले. पुढे २०२४ मध्ये त्याच साताऱ्याने उदयनराजे यांना भाजपच्या चिन्हावर लोकसभेत पाठवले. मतदार नाकारतो आणि स्वीकारतोही. त्याला विचारायचे धाडस हवे. म्हणून चौथा परिच्छेद रद्द व्हावा आणि पक्ष बदलणाऱ्या प्रत्येकाने, मग तो एकटा असो वा चाळीस जणांसोबत असो, जागा सोडून पुन्हा लोकांसमोर जावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १

मी एका लहान गावचा सरपंच आहे आणि आपल्याशी सहमत नाही. आमदार निधी सर्वांना सारखाच, म्हणजे वर्षाला पाच कोटी मिळतो, हे खरे आहे. पण तेवढ्यात मतदारसंघ चालत नाही. खरी कामे होतात ती पंचवीस-पंधराच्या (ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षाच्या) निधीतून आणि जिल्हा नियोजन समितीतून, आणि समितीचा अध्यक्ष असतो पालकमंत्री. आमच्या गावाला ओढ्यापलीकडच्या वस्तीशी जोडणारा दीड किलोमीटरचा रस्ता एका सरकारच्या काळात मंजूर झाला. खडी येऊन पडली. सरकार बदलले, जुलै २०२२ मध्ये आधीच्या मंजूर कामांना स्थगिती मिळाली, त्यात आमचे काम अडकले. तीन पावसाळे ती खडी तशीच पडून राहिली, तिच्यावर गवत उगवले, आणि वस्तीवरची पोरे चपला हातात घेऊन शाळेत जात राहिली.

आमचे आमदार विरोधी बाकावर होते. ते सभागृहात बोलले, निवेदने दिली, उपोषणालाही बसले. शेजारच्या तालुक्यातले आमदार सत्तेसोबत गेले आणि मार्चअखेरीस त्यांच्याकडे कामांच्या मंजुरीची यादी आली. आता मला सांगा, मी आमच्या आमदारांना निष्ठेचे कोणते गुण देऊ? कारखाना असलेल्या नेत्याची अडचण तर आणखी मोठी आहे. कर्जाला थकहमी राज्य सरकार देते. ती अडली की उसाची बिले थकतात, कामगारांचे पगार थकतात, आणि दारात येऊन बसणारा शेतकरी पक्षाचा जाहीरनामा विचारत नाही. उगवत्या सूर्याला नमस्कार करतो म्हणून त्या नेत्याला शहरात बसून नावे ठेवणे सोपे आहे.

प्रतिसाद २

सरपंचांची व्यथा खरी आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. निधी अडवून माणसे ओढता येतात हे एकदा मान्य केले की निधी अडवणे हेच पक्षवाढीचे साधन होते. या व्यवहारात सत्तापदाचा मोबदला पहिल्यापासून आहे. १९६७ च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत काँग्रेसचे बहुमत गेले, हरियाणात गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द देशाला मिळाला. त्यानंतर गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिने पाहणी केलेल्या राज्यांत पक्षांतर करणाऱ्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपदे मिळाली होती. म्हणूनच पक्ष बदलणाऱ्याला वर्षभर किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद देऊ नये, अशी शिफारस त्या समितीने केली. १९८० च्या जानेवारीत इंदिरा गांधी केंद्रात परतल्यावर तर हरियाणाचे मुख्यमंत्री भजनलाल आपले अख्खे जनता सरकारच घेऊन काँग्रेसमध्ये गेले. कायदा यायला १९८५ उजाडले.

धागालेखकांशी मात्र माझा एका ठिकाणी मतभेद आहे. राजीनामा हा त्यांना शुद्धीचा मार्ग वाटतो, पण तेही हत्यार होऊ शकते, हे मध्य प्रदेशात दिसले. मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य शिंदे यांच्यासोबत काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले, सभागृहाची संख्या घटली, कमलनाथ सरकार गेले, आणि राजीनामे दिलेल्यांपैकी अनेक जण पोटनिवडणुकीआधीच मंत्री झाले. २००३ ची ९१ वी घटनादुरुस्ती अपात्र ठरलेल्या सदस्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होऊ देत नाही. पण अपात्र ठरण्याआधीच स्वतःहून राजीनामा देणाऱ्याला, सदस्य नसतानाही सहा महिने मंत्री राहण्याची सामान्य सवलत मिळते. त्यामुळे राजीनाम्याची अट घातली तरी त्यासोबत मंत्रिपदाची बंदी आली नाही, तर काहीही बदलणार नाही.

प्रतिसाद ३

निधी आणि परिच्छेद यांच्या चर्चेत आमच्यासारख्यांचा विषय कोणी काढत नाही, म्हणून लिहितो. मी एका पक्षाचा बावीस वर्षे कार्यकर्ता होतो. सतरंज्या उचलणे हा शब्द लोक सहज वापरतात. आम्ही त्या खरोखर उचलल्या आहेत, झटकल्या आहेत आणि घड्या घालून टेम्पोत भरल्या आहेत. प्रत्येक निवडणुकीत सकाळी सहाला मतदान केंद्रावर एजंट म्हणून बसायचो आणि समोरच्या पक्षाच्या एजंटाशी बोगस मतदानावरून भांडायचो. एका भांडणात माझ्यावर गुन्हा दाखल झाला. त्या खटल्याच्या तारखा मी सहा वर्षे केल्या.

निकालानंतर पाच महिन्यांत आमचे नेते ज्यांच्याविरुद्ध आम्ही लढलो त्यांच्याच पक्षात गेले. आदल्या रात्री निरोप आला, दोन गाड्या भरून या. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी दूरचित्रवाणीवर पाहिले, ज्या माणसाने माझ्याविरुद्ध तक्रार दिली होती तोच व्यासपीठावर आमच्या नेत्यांच्या गळ्यात नवा गमछा घालत होता. जुने झेंडे अजून माझ्या माळ्यावर आहेत. मतदाराला पाच वर्षांनी तरी विचारले जाते, कार्यकर्त्याला कोण विचारतो?

प्रतिसाद ४

वरील अनुभव वाचून वाईट वाटले. तरीही शेवटचा निवाडा मतदाराचाच असतो, आणि तो पक्षांतराकडे आपण समजतो तितक्या कठोरपणे पाहत नाही. कर्नाटकात २०१९ मध्ये १७ आमदार अपात्र ठरले. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण निवडणूक लढवण्याची मुभा दिली. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्यापैकी १३ जणांना भाजपने उमेदवारी दिली आणि ११ जण निवडून आले. लोकांना हे चालते. मग आपण कोणाच्या वतीने रागावतो आहोत?

शिवाय एकट्या आमदारालाच का धरायचे? पक्षही निकालानंतर मित्र बदलतात. २०१९ मध्ये शिवसेना आणि भाजप यांनी एकत्र मते मागितली आणि महिनाभरात शिवसेना दोन्ही काँग्रेसच्या साथीने सत्तेत होती. पक्षाने केली ती भूमिका आणि आमदाराने केली ती गद्दारी, असा भेद मला मान्य नाही. आजचा कायदा आमदाराला पक्षादेशापुढे मान तुकवायला लावतो. त्यात आणखी साखळ्या वाढवल्या तर सदसद्विवेकबुद्धीने मत देणारा एखादा सदस्यही त्यात चिरडला जाईल.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर

प्रतिसाद २ मधली दुरुस्ती मी स्वीकारतो. राजीनामा आणि पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद वा महामंडळ नाही, अशी माझी मागणी आता वाचावी.

प्रतिसाद ४ मधले कर्नाटकचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ते ११ जण लोकांना विचारून सभागृहात परतले, आणि माझे म्हणणे तेवढेच आहे. मतदार त्यांना निवडेल की पाडेल याबद्दल मी काहीच मागत नाही. पक्षादेशाबाबत आपला मुद्दा मला पटतो. विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प वगळता सदस्याला मोकळे मत देता यावे. विधेयकावर वेगळे मत देणे आणि दुसऱ्या पक्षाच्या बाकावर जाऊन बसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. युतीबद्दल मात्र माझ्याकडे नेमके उत्तर नाही. युती मोडणे मलाही खटकले होते, पण तिथे निदान पक्ष पुढच्या निवडणुकीत त्याच नावाने जाब द्यायला उभा असतो.

खरा अडथळा वेळेचा आहे. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षाचे. सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये सांगितले की अपात्रतेच्या अर्जांवर साधारणपणे तीन महिन्यांत निर्णय व्हावा. आपल्याकडे शिवसेनेचे प्रकरण जून २०२२ मध्ये सुरू झाले, न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३ रोजी आला आणि अध्यक्षांनी निर्णय दिला १० जानेवारी २०२४ रोजी, ज्यात दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. निर्णयाची योग्यता बाजूला ठेवली तरी दीड वर्ष हा विधानसभेच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा असतो. हा अधिकार अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावा, असे त्याच मणिपूरच्या निकालात न्यायालयाने संसदेला सुचवले होते.

प्रतिसाद ३ लिहिणाऱ्यांना मी काय सांगू? आपण गाडीत बसला नाहीत, याबद्दल मला आपला आदर वाटतो.

प्रतिसाद ५ (प्रतिसाद १ लिहिणारे सरपंच)

कार्यकर्त्याचे लिखाण मी दोनदा वाचले. आमच्या गावातही असे एक गृहस्थ आहेत. पक्षप्रवेशाच्या दिवसापासून ते चावडीवर बसायला येत नाहीत.

तरीही माझी अडचण तशीच आहे. जिल्हा नियोजनाचा आणि पंचवीस-पंधराचा निधी लोकसंख्या, रस्त्यांची लांबी, पाण्याची टंचाई अशा ठरलेल्या निकषांवर वाटला गेला आणि मंजूर कामाला सरकार बदलले म्हणून स्थगिती देता येणार नाही अशी तरतूद झाली, तर आपल्या मागणीवर पहिली सही मी करीन. आज तशी तरतूद नाही. पुढच्या आठवड्यात आमच्या आमदारांनी सरपंचांची बैठक बोलावली आहे आणि विषय काय असणार हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. ते विचारतील, जाऊ का? ओढ्यापलीकडची पोरे आठवून मी हो म्हणेन, आणि जागा सोडून जा, पोटनिवडणुकीत मी घरोघरी येईन, हेही त्यांना त्याच बैठकीत सांगेन.