ईजीएफआर पॉझिटिव्ह, मग फुप्फुसाची गोळी का नाही?

ग्लायोब्लास्टोमाच्या (मेंदूतल्या आक्रमक कॅन्सरच्या गाठीच्या) रिपोर्टात ईजीएफआर (पेशीला वाढीचा इशारा देणारा रिसेप्टर) पॉझिटिव्ह असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरची जेफिटिनिब ही गोळी का देत नाहीत, असा प्रश्न पडतो. रिसेप्टर तोच, पण बिघाड वेगळा. फुप्फुसात म्युटेशन पेशीच्या आतल्या कायनेज (इशारा पुढे पाठवणाऱ्या) भागात असतं आणि गोळी नेमकी तिथेच बसते. मेंदूच्या गाठीत ते बहुधा पेशीबाहेरच्या भागात. व्हीथ्री (ईजीएफआरव्हीथ्री) प्रकारात तर २ ते ७ हे एक्सॉनच (जीनचे तुकडेच) गळतात, २६७ अमिनो आम्लं गायब! रिसेप्टर मग बाहेरून इशारा नसतानाही धुमसत राहतो. गोळी मेंदूत पुरेशी उतरत नाही, ते आणखी निराळं.

खरी डोकेदुखी म्हणजे एकाच गाठीत काही पेशींवर व्हीथ्री असतो, शेजारच्यांवर नसतो. व्हीथ्रीवर नेम धरलेली रिंडोपेपिमट ही लस २०१६ मध्ये चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात आपटली. गाठ परतली तेव्हा लस न दिलेल्या अनेक रुग्णांतही व्हीथ्री नाहीसा झालेला होता. म्हणून जुन्या रिपोर्टावर विसंबू नका, पुन्हा ऑपरेशन झालं तर पुन्हा तपासा.

सोलापूरहून ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) तपासणीसाठी पुण्या-मुंबईला पाठवताना एवढं बघा: तुकडा काढल्याबरोबर त्याच्या दहापट आकारमानाच्या १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात), ६ ते ४८ तास. मे महिन्यात तो तसाच टेबलावर राहिला की ज्यावर व्हीथ्री तपासतात ते आरएनए तुटतं आणि व्हीथ्री खोटा निगेटिव्ह येतो. निगेटिव्ह आला तर कंट्रोल जीन (नमुना चांगला आहे की नाही हे दाखवणारं जीन) नीट आलं होतं का, हे लॅबला विचाराच.