नवा बोलिंग बॉल ड्रिल करायचाय (बोटांची भोकं पाडायचीत): पिन बोटांच्या वर ठेवू की खाली? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

डेट्रॉईटजवळच्या एका उपनगरात आमची आठवड्याची बोलिंग लीग आहे. मी उजव्या हाताने, अंगठा घालून टाकते. सध्याचा बॉल १५ पौंडी, असिमेट्रिक कोअर (आतला गाभा असमान आकाराचा), सॉलिड कव्हर (बाहेरचं कवच, जास्त पकड घेणारं), २००० ग्रिटच्या बारीक पॅडने घासलेला. पिन (गाभ्याचं टोक दाखवणारी बॉलवरची खूण) ते पॅप अंतर ४.५ इंच. (पॅप म्हणजे हातातून सुटल्यावर बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो, त्याचं टोक. माझा ५ इंच उजवीकडे, अर्धा इंच वर.)

पहिल्या गेमला हा बॉल सुरेख चालतो. लेनवरच्या तेलाचा पॅटर्न नेहमीचा हाऊस शॉट (सेंटरमध्ये रोज असतो तो): साधारण ४० फुटांपर्यंत तेल, मध्ये दाट, कडेला विरळ. पण तिसऱ्या गेमपर्यंत पुढचं तेल उडतं, बॉल लवकर पकड घेतो आणि लेनच्या टोकाला पाडायच्या पिनांपर्यंत पोचेतो सगळा जोर संपलेला असतो. पॉकेटमध्ये (१ आणि ३ नंबरच्या पिनांच्या मध्ये) लागूनही ६ नंबरची पिन नुसती लोळत गटरमध्ये जाते आणि १० जागची हलत नाही. पाय डावीकडे सरकवले की थोडा वेळ निभावतं, मग मधल्या तेलात बॉल वळतच नाही.

म्हणून दुसरा बॉल घेतलाय: सिमेट्रिक कोअर, पर्ल कव्हर (पुढे घसरत जाऊन उशिरा वळणारं), पॉलिश केलेला. तो अजून कोरा आहे. ड्रिलर म्हणतो पिन अनामिकेच्या खाली घे, वळण शांत राहील. टीममधले एक काका म्हणतात बोटांच्या वर घे, म्हणजे लांब जाऊन मागे झटक्यात वळेल. दोघांचाही अनुभव दांडगा आहे, त्यामुळे मी अडकले आहे.

पूर्वी लेआउट (भोकांची मांडणी) मनासारखा नाही निघाला तर जास्तीचं भोक पाडून फ्लेअर (फिरताना बॉलचा अक्ष सरकण्याचं प्रमाण) कमी-जास्त करता यायचा. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीने (अमेरिकेतली बोलिंगची नियामक संस्था) ते बंद केलं. आता बुजवून पुन्हा ड्रिल करणं हाच मार्ग, म्हणून आधीच विचारतेय. पिन-पॅप अंतर वाढवून ५ किंवा ५.५ इंच केलं तर कोरड्या लेनवर खरंच फरक दिसेल का?

प्रतिसाद १

ताई, दिसेल, पण तुम्हाला वाटतोय तेवढा नाही. फ्लेअर सर्वात जास्त येतो तो ३.३७५ इंचांच्या आसपास. तिथून ६.७५ कडे जाल तसा कमी होत जातो. फ्लेअर कमी झाला की प्रत्येक फेऱ्याला तेल न लागलेला भाग लेनला कमी मिळतो, म्हणून पकड उशिरा. मी ५ घेईन. ५.५ ला गेलात तर पहिल्या गेमला हा बॉल काढताच येणार नाही.

सिमेट्रिकमध्ये ड्रिलिंग अँगलवर (पिनपासून पॅपकडची आणि गाभ्याच्या जड बाजूकडची रेषा यांतला कोन) फार डोकं खर्चू नका, तो असिमेट्रिकमध्ये खरा बोलतो. व्हॅल अँगल (पॅपमधून जाणारी उभी रेषा आणि पिन-पॅप रेषा यांतला कोन) मात्र बघा. ३० च्या जवळपास ठेवलात तर पिन बोटांच्या वर येते आणि वळण टोकदार होतं. ७० च्या पुढे पिन खाली उतरते, वळण पसरट होतं. तुमची तक्रार जोर आधीच संपण्याची आहे, म्हणून माझं मत काकांच्या बाजूने.

प्रतिसाद २

लेआउटच्या आधी कव्हर! यूएसबीसीच्या बॉल मोशन अभ्यासातही पृष्ठभागाचा खरखरीतपणा सर्वात वजनदार ठरला होता. सॉलिडवरून पॉलिश केलेल्या पर्लवर गेलात की अर्ध्याहून जास्त काम तिथेच झालं. आता त्यात पिन वर, म्हणजे टोकदारपणात टोकदारपणा. हाऊस शॉटवर बाहेर जरा निसटला की हेडपिन (सर्वात पुढची, १ नंबरची) ओलांडून डावीकडे, आत राहिला की पोचतच नाही. ड्रिलर बहुतेक याच भीतीने पिन खाली म्हणतोय, आणि त्याने तुमचा हात समोर पाहिलाय.

म्हणून घाई करू नका. जुना बॉल आधी ४००० पॅडने घासून घ्या आणि एक लीग खेळा. तरी १० तशीच उभी राहिली, तर नवा ५ इंचांवर, पिन बोटांच्या वर, पण पॉलिश उतरवून. तीव्र वाटला तर पॅडने आणखी शांत करता येतो, भोकं मात्र हलवता येत नाहीत.

तुमचा वेग आणि रेव्हज (बॉलचे मिनिटाला फेरे) किती, तेही सांगा. आणि तिसऱ्या गेमला बॉल लेनच्या कुठल्या बोर्डावरून (फळीवरून) वळायला लागतो, तो नंबर लिहा. त्याशिवाय अँगल सांगणं म्हणजे अंदाजच.